अडकलेला बाक

आमच्या वाचकांत होडीवर पोट भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आणि ज्यांच्या घरी होडी नाही त्यांच्या घरीही रुतलेला खिळा, गंजलेली कडी किंवा पावसाने फुगलेले दार असतेच. म्हणून या खेपेस आम्ही एका जुन्या होडीची हकीगत सांगण्याचे योजिले आहे. तीत आमची स्वतःची एक चूक आहे. ती वगळून हकीगत पुरी होत नाही, तेव्हा ती आरंभीच कबूल केलेली बरी.

साळ नदीच्या काठी, आमच्या गावच्या अगदी शेवटच्या वाड्यावर, एक विधवा बाई राहतात. त्यांचे यजमान आयुष्यभर खाडीत व खाडीच्या तोंडाशी जाळे टाकीत आले. सहा वर्षांपूर्वी ते वारले, आणि त्यांची होडी माडाच्या झापांच्या मांडवाखाली जशी ठेवली होती तशीच राहिली. एकुलता मुलगा तारवटी, दर वर्षी आठ-नऊ महिने परदेशी जहाजावर. गेल्या मे महिन्यात तो पाच आठवड्यांच्या रजेवर आला, तो एक निश्चय करूनच. आणखी एक फेरी करायची, कर्ज फेडायचे, आणि मग घरी राहून बापाच्या होडीवर संसार चालवायचा. तोपर्यंत चुलतभावाने होडी चालवावी, म्हणजे ती पडून राहणार नाही आणि माय एकटी पडणार नाही. नवी फायबरची होडी घेण्याइतका पैसा हातात नव्हता. ही जुनीच सुधारली तर बेत पार पडणार, नाहीतर नाही.

होडी सुमारे अठरा फूट लांबीची. आपल्याकडे रांपणीच्या मोठ्या होड्या पूर्वी काथ्याच्या दोरीने शिवून बांधीत; त्यांच्या फळ्यांत लोखंड नावालाही नसे, आणि शिवण उसवून फळी बदलता येई. ही होडी त्या जातीची नव्हे. हिच्या फळ्या आतल्या वाकांवर, म्हणजे होडीच्या बरगड्यांवर, खिळ्यांनी बसविलेल्या, आणि आत या काठापासून त्या काठापर्यंत तीन आडवे बाक. आतली बाजू खरवडून तेल पाजण्यासाठी आणि दोन वाक बदलण्यासाठी हे तिन्ही बाक काढणे भाग होते. पुढचा व मागचा बाक अर्ध्या दिवसात निघाले. मधला मात्र काही केल्या हलेना.

आम्ही त्या सायंकाळी वाड्यावर एका आजाऱ्याला भेटून परत येत होतो. मुलगा घामाघूम होऊन बसला होता. त्याने विचारले, "फादर, दिसतील तेवढे सगळे खिळे काढले. तरी हा बाक उठत नाही. काय करावे?"

आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो आहोत. खिळे निघाले, खिळ्यांवाचून धरून ठेवणारे दुसरे काही दिसत नाही, त्या अर्थी केवळ जुन्या रंगानेच बाक चिकटला असला पाहिजे, असा सरळ निष्कर्ष आम्ही काढला आणि म्हणालो, "पहार घाल, बाबा, आणि एकदाच जोर लाव." एवढ्यावर न थांबता झग्याच्या बाह्या सारून पहारेचे एक टोक आम्हीही धरले.

बाक उठला नाही. उठला तो आवाज, सुके बांबू मोडल्यासारखा. काठाखालची वरची फळी वीतभर चिरली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याची माय दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. फक्त आत जाऊन तिने आम्हांस पाणी आणून दिले. ते पाणी पिणे आम्हांस जड गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः जाऊन गावच्या वृद्ध मेस्तांना घेऊन आलो. यांनी अर्धे आयुष्य होड्या बांधण्यात घालविलेले. ते होडीभोवती दोनदा फिरले, चिरलेल्या फळीवरून बोट फिरविले, आणि रागावण्याऐवजी त्यांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. "फादर, हा बाक कशासाठी आहे?"

"बसण्यासाठी," आम्ही म्हणालो.

"नाही. माणसे त्यावर बसतात, ती गोष्ट निराळी."

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. होडीची प्रत्येक फळी वाकवून बसविलेली असते, आणि वाकवलेली फळी सरळ होऊ पाहते. होडी पाण्यात असते तेव्हा बाहेरचे पाणी दोन्ही बाजूंना आत दाबते. ती कोरड्यावर आली की तो दाब नाहीसा होतो, आणि दोन्ही बाजू स्वतःच्या भाराने व फळ्यांच्या ताणाने बाहेर पसरू लागतात. या दोन्ही बळांना अडविणारा आडवा आधार म्हणजे मधला बाक. तो दाबही सोसतो आणि ताणही. पुढचा व मागचा बाक हलके असल्याने नुसत्या खिळ्यांवर भागले होते. मधल्याला मात्र दोन्ही टोकांस, झाडाच्या मुळातच वाकलेल्या फांदीतून कापलेले कोनासारखे लाकडी आधार होते, आणि ते आधार बोल्टांनी जखडलेले होते.

"पण बोल्ट आहेत कुठे?" मुलाने विचारले.

मेस्तांनी बोथट पटाशीने बाहेरच्या बाजूचा रंग खरवडला. सात-आठ थर निघाले: निळा, पांढरा, हिरवा, पुन्हा निळा. त्याखाली रुपयाएवढा गोल लाकडी डट्टा दिसला. असे डट्टे प्रत्येक बाजूस दोन. बोल्टाचे डोके फळीत खोल बसवून वर लाकडी डट्टा मारलेला, आणि त्यावर वर्षानुवर्षे रंग. जे धरून ठेवीत होते ते दिसतच नव्हते. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे आम्ही धरून चाललो होतो.

येथून पुढे जे काम झाले ते आम्ही क्रमाने सांगतो, कारण ते कोणाच्याही उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट, मेस्तांनी त्या दिवशी बाकाला हातच लावला नाही. त्यांनी बांबूची एक काठी घेऊन ती बाकाशेजारी या काठापासून त्या काठापर्यंत अचूक मापाने कापली, आणि ती जपून ठेवण्यास मुलाच्या मायकडे दिली. मग बाकाच्या पुढे व मागे एकेक जाड फळी दोन्ही काठांवर आडवी टाकून बांधली. शेवटी होडीच्या पोटाखालून सुंभाचा दुहेरी फेरा घेतला, त्यात दांडका घालून पीळ भरला, आणि दोर ताठ झाल्यावर दांडका अडकवून ठेवला. काठांवर दोर रुतू नये म्हणून खाली पोत्याचे तुकडे घातले. बाक करीत होता ते काम आता दुसऱ्या कोणीतरी पत्करले होते.

दुसरी गोष्ट, वाट पाहणे. लाकूड पाण्याने आडव्या अंगाने फुगते; लांबीने ते जवळजवळ वाढत नाही. म्हणून बाकाची लांबी तीच राहिली, तरी त्याची रुंदी व जाडी फुगून तो खाचेत आवळला गेला होता. मुलाने आदल्या आठवड्यात होडी धुऊन काढली होती, त्याने फुगीत भरच पडली. मेस्तांनी आठ दिवस पाण्याचा थेंबही लागू न देण्यास सांगितले. उन्हाने फळ्या तडकू नयेत म्हणून सावलीत, पण वाऱ्यावर. रजेचे दिवस मोजणाऱ्या मुलाला हे आठ दिवस कठीण गेले. तो रोज येऊन बाक हलवून पाही, आणि मेस्त रोज त्याला दुसरे काही काम सांगत.

तिसरी गोष्ट, गंज. लोखंड गंजते तेव्हा तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. म्हणूनच गंजलेला बोल्ट छिद्रात पाचरेसारखा ठासून बसतो. तो झिजून बारीक झाला असला तरी सुटत नाही. पुष्कळशा लाकडांतील तुरट अंश लोखंडाशी मिळून भोवतालचे लाकूड काळे करतो व ते दुबळे होते. मेस्तांनी डट्टे पटाशीने कोरून काढले, आतले नट तारेच्या ब्रशाने घासले, आणि गंज सोडविणारे पातळ तेल चार दिवस सकाळ-संध्याकाळ सोडले. प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर हातोडीने हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात व त्यांतून तेल आत उतरते.

पाचव्या दिवशी पाना लावला. मुलगा नट सोडविण्याच्या दिशेने फिरवू लागला, तेव्हा मेस्त म्हणाले, "पुता, आधी थोडा आवळ." तो चकित झाला. पण नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलला की गंजाची पकड तुटते, आणि मग तो उलट फिरण्यास राजी होतो. पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, असे करीत दोन नट सुटले. तिसऱ्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. तो लोखंड कापण्याच्या करवतीने उभा कापून दोन तुकड्यांत काढला.

नट निघाले म्हणजे बोल्ट निघाले असे नव्हे. बोल्टाच्या टोकावर थेट हातोडा मारला तर टोक पसरते आणि मग तो छिद्रातून कधीच जात नाही. म्हणून बोल्टाहून किंचित बारीक लोखंडी गज टोकावर धरून त्यावर ठोके द्यावयाचे. आणि बाहेरून दुसऱ्या माणसाने, मध्ये छिद्र असलेला लाकडाचा जड ठोकळा फळीला दाबून धरावयाचा, म्हणजे फळी ठोक्याबरोबर सुटून येत नाही. तो ठोकळा धरण्याचे काम मेस्तांनी आमच्याकडे दिले. "फादर, तुम्ही जोर लावण्यापेक्षा धरून ठेवा," ते म्हणाले. आमच्या योग्यतेचे काम आम्हांस मिळाले होते, आणि आम्ही ते मुकाट्याने केले.

तीन बोल्ट आले. चौथा, नदीकडच्या बाजूचा, मधोमध झिजून दोऱ्याएवढा उरला होता. तो तुटला आणि अर्धा आतच राहिला. तेव्हा मेस्तांनी दातेरी तोंडाची एक पोलादी नळी काढली, ती बोल्टाभोवती फिरवून लाकडासकट तो तुकडा गाभ्यासारखा बाहेर आणला. मोठे झालेले छिद्र पुढे नव्या डट्ट्याने बुजविता येते. पण ओढाओढीने फाटलेली फळी बुजविता येत नाही.

आता बाक मोकळा होता, तरीही जुन्या रंगाने खाचेत धरलेला. रंगाची रेघ पात्याने कापून, बाकाच्या टोकाखाली दोन बारीक पाचरी समोरासमोर घातल्या आणि एकीला एक, दुसरीला एक असे ठोके दिले. पाचरी आधाराच्या भक्कम लाकडावर टेकलेल्या होत्या, फळीवर नव्हे. पाचव्या की सहाव्या ठोक्याला बाक तांदळाच्या दाण्याएवढा उचलला गेला. मग एक टोक वर, दुसरे खाली, असा तिरका करून तो बाहेर आला. पहार सबंध वेळ भिंतीला टेकून उभी होती.

त्याच क्षणी सुंभाचा दोर करकरला. मेस्तांनी मायकडून बांबूची काठी मागवून काठांमध्ये धरली. ती जेथे घट्ट बसत होती तेथे आता बोटभर फट होती. इतके बांधूनही होडी बोटभर उघडली होती. काहीच न बांधता आम्ही त्या सायंकाळी बाक उपटला असता तर ती किती उघडली असती, हे मेस्तांनी बोलून दाखविले नाही. त्यांनी दांडक्याला आणखी तीन पीळ दिले आणि काठी पुन्हा घट्ट बसली.

परंतु खरी गोष्ट पुढेच होती. नदीकडच्या बाजूस, बाकाच्या टोकाआड, फळीचा जो भाग आजवर झाकलेला होता तो काळा पडलेला दिसला. मेस्तांनी पटाशी टेकवली, आणि हातोडी न मारताच पाते दोन बोटे आत गेले. हातभर लांबीची फळी कुजून भुसा झाली होती. वरच्या मांडवाचे झाप नेमके तेथेच विरले होते, आणि सहा पावसाळे पाणी ठिबकून बाकाच्या टोकाआड साचत राहिले होते.

येथे एक समज आम्ही दूर करू इच्छितो. समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजविते असे आपण म्हणतो. वस्तुतः लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते वेगळे. कुज आणते ते गोडे पाणी, म्हणजे पावसाचे, जेथे हवाही लागते पण वारा लागून ओल सुकत नाही तेथे. म्हणून किनाऱ्यावर ठेवलेली होडी, रोज समुद्रात जाणाऱ्या होडीपेक्षा लवकर कुजते. होडी ठेवायची तर छप्पर शाबूत हवे, तळाच्या छिद्राचा डट्टा काढलेला हवा, आणि दोन्ही काठांवरून वारा खेळता हवा.

मुलाने आम्हांस मागाहून सांगितले की, पहार फसल्यावर त्याने रात्री दुसरा बेत केला होता: बाक तसाच ठेवावा, वरून दोन हात रंग द्यावा, आणि चुलतभावाला होडी द्यावी. तसे झाले असते तर होडी देखणी दिसली असती. पावसाळ्याची बंदी जुलैअखेर उठल्यावर चुलतभाऊ यंत्र लावून खाडीच्या तोंडाशी गेला असता, जेथे नदीचे पाणी व समुद्राची लाट एकमेकांवर आदळतात. यंत्राच्या थरथरीत ती कुजलेली फळी किती दिवस टिकली असती, हे सांगण्याची गरज नाही. त्या भावाला दोन लहान मुले आहेत.

जुनी होडी सोडविताना आधी तिला आधार द्यावा, हे ज्ञान केवळ आमच्या मेस्तांचे नव्हे. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी ओसरले असता, गिनोसार येथील दोन मच्छीमार भावांना चिखलात एक होडी आढळली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ठरली. लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी २.३ मीटर. हवा न लागल्यामुळे ती चिखलात टिकली होती, पण लाकूड पाण्याने भिजून इतके मऊ झाले होते की उचलताच तिचा चुरा झाला असता. तज्ज्ञांनी तिला फायबरच्या बरगड्या दिल्या, आतून बाहेरून फेसासारखे रसायन फवारून त्याचे कवच केले, आणि मग ती पाण्यावर तरंगवत नेली. पुढे कित्येक वर्षे ती मेणासारख्या द्रव्याच्या कुंडात होती. आता तेथील संग्रहालयात आहे. तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड सापडले, आणि काही भाग त्याहूनही जुन्या होड्यांतून काढून वापरलेले होते. गरीब मच्छीमारांनी जुने लाकूड टाकून न देता पुन्हा पुन्हा जोडून घेतले, ही त्या काठाचीही रीत होती.

ज्यांच्या होड्या फायबरच्या आहेत त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. आता काही होड्यांत ॲल्युमिनियमच्या खोबणीत पोलादी खांब घालून त्यावर बैठक बसवितात. खारे पाणी मध्ये शिरले की या दोन धातूंत विजेचा मंद व्यवहार सुरू होतो. ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी खांबाला ठासून धरते. तेथेही पहारेने खोबण तुटते, खांब सुटत नाही. तेल सोडावे, ठोके द्यावेत, खांब वर ओढण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे फिरवून पाहावा, आणि खोबणीवर बाहेरून कढत पाणी ओतावे. ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पकड ढिली होते. ज्योत मात्र लावू नये. फायबर जळते, आणि पेट्रोल जवळ असते. पुन्हा बसविताना मध्ये ग्रीस भरपूर लावावे आणि वर्षातून एकदा ते काढून पाहावे.

असो. कुजलेला भाग कापून मेस्तांनी नवी फळी जोडली. सांधा सरळ न ठेवता तिरका, फळीच्या जाडीच्या आठपट लांब. आम्ही चिरलेली वरची फळीही त्याच कामात बदलली गेली. तिचा खर्च आम्ही दिला, तो न्याय्यच होता. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले नवे आणले. बाकासाठी मुलाने नवी सागाची फळी आणण्याचे काढले, तेव्हा इतके दिवस न बोललेली माय प्रथमच बोलली. जुन्या बाकाच्या कडेवर बोटाएवढी गुळगुळीत खाच होती, पंचवीस वर्षे जाळ्याची दोरी त्याच जागेवरून ओढली गेली म्हणून पडलेली. तिने त्या खाचेवर हात ठेवला आणि विचारले, "मेस्त, हे लाकूड कुजले आहे का?"

मेस्तांनी बाक उलटसुलट करून ठोकून पाहिला. "नाही. लाकूड चांगले आहे."

"मग हाच बसवा."

तोच बसविला. बांबूची काठी शेवटी एकदा काठांमध्ये धरून पाहिली. ती पहिल्या दिवशी बसली होती तशीच बसली. मुलगा रजा संपून जहाजावर गेला तेव्हा होडीला शेवटचे तेल पाजणे राहिले होते. ते मायने व चुलतभावाने मिळून केले. ऑगस्टपासून होडी पाण्यात आहे.

ती काठी मायने आमच्याकडे पाठवून दिली. ती आमच्या टेबलामागे कोपऱ्यात उभी आहे. कोणी घाईचा प्रश्न घेऊन आले आणि आमच्या तोंडी "एकदाच जोर लाव" असे शब्द येऊ लागले की, आमची नजर तिच्याकडे जाते, आणि आम्ही आधी विचारतो, हे कशाला धरून बसले आहे?